पेशंटजवळच्या माणसासाठी सिस्टरनं काय करावं?

प्रश्न : मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. नाईटला कधी कधी माझ्या एकटीकडे पंचवीसच्या वर पेशंट असतात. गेल्या महिन्यात पक्षाघाताचे एक आजोबा आमच्याकडे होते. त्यांच्याजवळ त्यांची सून असायची, दिव्याहून लोकलनं यायची. एकदा फीडला उशीर झाला म्हणून ती सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडली. मलाही राग आला. तासाभरानं पाहते तर जिन्यात बसून रडत होती. मी एवढंच म्हणाले, 'टेन्शन घेऊ नका ताई, होईल सगळं नीट,' आणि पुढच्या पेशंटकडे गेले. डिस्चार्जच्या दिवशी नळीतून फीड कसं द्यायचं, कूस कशी बदलायची, हे तिला पाच मिनिटांत सांगितलं. तिनं मान डोलावली. आठवड्याभरात आजोबा न्यूमोनिया होऊन परत ॲडमिट झाले, आणि सून ओळखू येणार नाही इतकी खंगलेली. आमच्या इनचार्ज सिस्टर म्हणतात, 'आपण पेशंट बघायचा, नातेवाइकांत अडकायचं नाही.' मला ते पटत नाही, पण वेळ कुठून आणू? शिवाय बरेच नातेवाईक जाताना माझा मोबाईल नंबर मागतात. द्यावा का?
— एक स्टाफ नर्स, कळवा

उत्तर : सिस्टर, आधी त्या परत आलेल्या आजोबांबद्दल. पक्षाघातात गिळण्याची ताकद गेलेल्या माणसाला, फीड अगदी नीट दिलं तरी, स्वतःचीच लाळ श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. तेव्हा तुमच्या त्या पाच मिनिटांमुळेच हे झालं असं मनाला लावून घेऊ नका. सूनबाईंना तर ही गोष्ट आजच सांगा. आजोबांना ॲम्ब्युलन्समध्ये घातल्यापासून त्या मनात एकच हिशेब करत असणार, की माझ्या हातून काय चुकलं. घरात कुणी तरी तसं बोलूनही दाखवलं असेल. युनिफॉर्ममधल्या माणसानं सगळ्यांच्या देखत 'हे तुमच्यामुळेच झालं असं नाही' म्हटलं, तर त्याचं वजन वेगळं असतं.

इनचार्जबाईंचं म्हणणं कुठून येतं ते मला कळतं. नातेवाइकांत गुंतलेल्या सिस्टरला तक्रारींचा त्रास होतो, कधी अंगावर धावून येण्यापर्यंत प्रकरण जातं, आणि बाकीच्या पेशंटकडे दुर्लक्ष झालं तर जबाब तिलाच द्यावा लागतो. पण 'हे आपलं काम नाही' हे मला मान्य नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवर जी प्रसिद्ध टिपणं लिहिली, ती नर्सना नर्सिंग शिकवायला लिहिलेलीच नव्हती. घरात आजाऱ्याची उठबस करणाऱ्या बायकांसाठी ती होती. घरच्या माणसाला शुश्रूषा शिकवणं हे आपल्या पेशाच्या पायातच आहे.

आता मूळ प्रश्न. मी वॉर्डात खूप वर्षं काढली, आणि आता ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याच्या घरांत अंथरुणाला खिळलेल्या पेशंटकडे जाते. दार उघडणाऱ्या माणसाचं टेन्शन जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. या माणसांना धीराचे शब्द हवेच असतात, पण त्यांचा जीव पोखरतात त्या तीन गोष्टी वेगळ्याच असतात. जे करायचं आहे ते आपल्याला येत नाही ही भीती, झोप नसणं, आणि सगळं एकटीवर पडणं. या तिन्हींवर सिस्टरला काही ना काही करता येतं, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या ड्यूटीच्या कामातच बसतं.

भीतीपासून सुरुवात करू, कारण तिथे तुमच्याइतकं दुसरं कुणीच उपयोगी पडत नाही. त्या सूनबाईंच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्या सासऱ्यांपुढे आयुष्यात कधी मोठ्या आवाजात बोलल्या नाहीत, त्यांच्या नाकातल्या नळीत आता पन्नास सीसीच्या सिरिंजनं डाळीचं पाणी ओतायचं आहे. कुणी तरी जाता जाता सांगून गेलंय की चुकलं तर फुप्फुसात जाईल. हात थरथरणारच. त्यात त्यांची स्वच्छता करायची, डायपर बदलायचा. त्या लाजेबद्दल कुणीही बोलत नाही, ना घरात ना वॉर्डात. तुम्ही बोला. 'ताई, बाबांची स्वच्छता करायला अवघड वाटतंय ना? सगळ्यांनाच वाटतं. अंगावर चादर ठेवून, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करून कसं करायचं ते दाखवते. आणि संध्याकाळी यांचा मुलगा आला की हे काम त्याला शिकवते.' एवढं म्हटल्यावर निम्मं ओझं उतरलेलं मी पाहिलं आहे. मुलाला हे काम येत नाही असं कुणी ठरवलं? त्याला कुणी शिकवलेलं नसतं इतकंच.

शिकवण्याची वेळ डिस्चार्जचा दिवस ही नव्हेच. त्या दिवशी बिल, औषधं, गाडी, पायऱ्यांवरून उचलून न्यायला माणसं, यातच नातेवाइकाचं डोकं फिरलेलं असतं. पेशंट थोडा स्थिर झाला, नळी राहणार आहे हे कळलं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुरू करा. पहिल्यांदा तुम्ही फीड द्या आणि प्रत्येक गोष्ट तोंडानं बोलत द्या. दुसऱ्यांदा सिरिंज त्यांच्या हातात, त्यांच्या हातावर तुमचा हात. तिसऱ्यांदा त्यांनी द्यायचं, तुम्ही नुसतं शेजारी उभं राहायचं. मग विचारा, 'आता मी इथे नाही असं समजा. फीड सुरू करायच्या आधी काय काय बघाल ते मला सांगा.' 'समजलं ना?' असं विचारूच नका. युनिफॉर्ममधल्या माणसाला 'नाही समजलं' म्हणायची हिंमत फार थोड्यांची होते. तुमच्यासमोर मान डोलावली गेली ती त्यामुळेच.

त्यांच्याकडून काय ऐकू यायला हवं? नळीवरची नाकाजवळची खूण जागेवर आहे का, हे बघितलं. डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंशांपर्यंत वर केली. घरी फाउलर कॉट, म्हणजे डोक्याकडून वर करता येणारी कॉट, नसेल तर गादीखाली खुर्ची उलटी घालून किंवा घट्ट उशा रचून उतार केला. नळीतून आधी थोडं पाणी सोडलं. फीड गाळून घेतलं, कारण न गाळलेली नाचणीची पेज नळी हमखास तुंबवते आणि मग रात्री अकराला रिक्षा शोधत फिरावं लागतं. सिरिंजचा दांडा दाबून ढकललं नाही, वरून ओतून आपोआप जाऊ दिलं. शेवटी पुन्हा पाणी सोडलं, आणि पुढचा अर्धा-एक तास आडवं केलं नाही. मध्येच ठसका लागला, धाप लागली, उलटी झाली, तर लगेच थांबले. नळी बाहेर आली तर घरी परत घालायचा प्रयत्न केला नाही. आणि एक गोष्ट नेहमी राहून जाते : प्रत्येक गोळी कुटून नळीतून देता येत नाही. कोणती चालते, कोणती नाही, यावर डिस्चार्ज कार्डावरच खूण करून द्या.

तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कुठे? फीड तुम्ही दिवसातून पाच-सहा वेळा देताच. त्यातल्या दोन वेळा बोलत बोलत दिलं तर पाचेक मिनिटं जास्त जातील, हे खरं. पण चौथ्या दिवसापासून तुमच्याजवळ एक शिकलेला हात असतो, आणि 'सिस्टर, फीड, सिस्टर, फीड' ही हाक कमी होते. एक पथ्य मात्र पाळा. वॉर्डात असेपर्यंत फीडची जबाबदारी तुमची. नातेवाईक शिकला म्हणून काम त्याच्यावर टाकून दिलं, तर त्याला ती शिकवण वाटणार नाही, बिगार वाटेल.

यापेक्षाही सोपी वाट म्हणजे एकत्र शिकवणं. वॉर्डात अंथरुणावरचे पाच-सहा पेशंट नेहमी असतात. दुपारी, भेटीच्या वेळेआधी, त्यांच्या नातेवाइकांना एका कॉटभोवती बोलवा. एक दिवस फीड, एक दिवस कूस बदलणं, एक दिवस कॅथेटर (लघवीची नळी) आणि तोंडाची स्वच्छता. नर्सिंगच्या विद्यार्थिनी असतील तर त्यांच्याकडून करून घ्या, त्यांचंही शिक्षण होईल. भारतात नूरा हेल्थ ही संस्था सरकारी रुग्णालयांतल्या नर्सनाच तयार करून त्यांच्याकडून असे नातेवाइकांचे वर्ग वॉर्डातच घेते, म्हणजे आपल्याकडच्या गर्दीत हे जमतं. असल्या वर्गाचा मला दिसलेला मोठा फायदा वेगळाच आहे. शहापूरहून आलेली बाई आणि मुंब्र्याची बाई एकमेकींना विचारू लागतात, एकीची दुसरीच्या पेशंटवर नजर राहते, एक जण चहा प्यायला जाऊ शकतो. इनचार्जबाईंकडे परवानगी मागताना भावनेची भाषा वापरू नका. 'अंथरुणावरचे पेशंट बेडसोर आणि न्यूमोनियानं परत येतात, ते थोडे कमी होतील का बघू,' असं म्हणा.

कूस बदलण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथूनच झोपेचा प्रश्न सुरू होतो. आधी कंबर. घरातली कॉट बुटकी असते, वाकून वाकून महिन्याभरात कंबर धरते. कॉटच्या चार पायांखाली मजबूत लाकडी ठोकळे घालायला सांगा. एक जुनी जाड चादर दुहेरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत पेशंटखाली कायम ठेवायची. दोघं असतील तर तिच्या कडा धरून सरकवायचं, काखेत हात घालून ओढायचं नाही. एकटी असेल तर पेशंटचा पलीकडचा गुडघा उभा करायचा, पलीकडचा हात छातीवर घ्यायचा, आणि खांदा व कंबर धरून आपल्याकडे वळवायचं. पाठीमागे उशी. हे एकदा वॉर्डात तुमच्यासमोर करून बघितलं की ऐंशी किलोच्या माणसालाही आपण वळवू शकतो हा भरवसा येतो.

आता रात्र. 'दर दोन तासांनी कूस बदला' हे आपण सगळ्यांना एका दमात सांगतो. वॉर्डात तीन पाळ्या असतात. घरी एकच बाई असते आणि ती ते वाक्य अक्षरशः पाळते. गजर लावून दहा, बारा, दोन, चार, सहा. सकाळी डबा, मुलांची शाळा, मग पुन्हा सुरू. असे पंधरा दिवस गेले की ती कुणावरही ओरडेल, तुमच्यावर ओरडली तशी. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१४ मध्ये बेडसोर टाळण्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात प्रौढांची स्थिती धोका असेल तर निदान दर ६ तासांनी आणि धोका जास्त असेल तर निदान दर ४ तासांनी बदलावी असं म्हटलं आहे. याचा अर्थ सगळ्यांना सरसकट चार तास सांगा असा नाही. आपल्याकडची गादी, पेशंटचं अंग, साखर, आधीची जखम, हे बघून डॉक्टरांना विचारा : एअर बेड असेल आणि कातडी चांगली असेल तर रात्रीचं अंतर वाढवता येईल का? आणि मग त्या घरासाठी रात्रीचं वेळापत्रक कागदावर लिहून द्या. रात्री अकराला झोपायच्या आधी कूस, तीनला एकदा, सकाळी सातला. सकाळी पाठ, माकडहाड, टाचा बघायच्या. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडल्यावर ती फिकी पडली नाही, तर अंतर पुन्हा कमी करायचं आणि दाखवायला यायचं. डॉक्टरांनी हे मान्य केलं तर तुम्ही त्या बाईला सलग चार तासांची झोप मिळवून दिलीत. कुठल्याही समुपदेशनापेक्षा मला ही मदत मोलाची वाटते.

म्हणूनच, 'कशा आहात ताई?' ऐवजी 'काल रात्री सलग किती तास झोपलात?' असं विचारत चला. पहिल्या प्रश्नाला 'बरी आहे' हेच उत्तर येतं. दुसऱ्याला खरं उत्तर येतं. दोन तासांच्या खाली असेल तर त्या माणसाला त्या दिवशी नवीन काही शिकवू नका, त्याच्या डोक्यात शिरणार नाही. बदलीला कोण येईल ते विचारा.

इथून तिसऱ्या गोष्टीकडे, एकटेपणाकडे येते. भेटीच्या वेळेत पेशंटभोवती किती माणसं असतात ते आठवा. डोंबिवलीचे दीर, भांडुपची नणंद, गावाकडचे काका. शहाळं घेऊन येतात, डॉक्टरांबद्दल मत देतात, सूनबाईंना 'जरा नीट लक्ष दे गं' म्हणतात आणि सातची लोकल पकडतात. सून या माणसांना काही सांगू शकत नाही. मागितलं तर 'एवढंही जमत नाही का' हे ऐकावं लागेल अशी तिला धास्ती असते. तुम्ही सांगू शकता. भेटीच्या वेळेत दहा मिनिटं त्या कॉटजवळ उभं राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला : 'आजोबांना घरी नेल्यावर चोवीस तास माणूस लागणार आहे. एका माणसाला ते जमत नाही, आम्हीही इथे तीन पाळ्यांत करतो. शनिवारची रात्र कोण करणार? रविवारची दुपार? आत्ता ठरवा, मी त्या माणसाला उद्या फीड शिकवते.' माणसाचं नाव आणि वार त्यांच्यासमोर कागदावर लिहा. जो येऊ शकत नाही त्यानं ब्युरोच्या (घरी देखभालीला माणूस पाठवणाऱ्या संस्थेच्या) मावशीचा खर्च उचलावा, किंवा एअर बेडचं भाडं द्यावं, किंवा मुलांना सुट्टीत घेऊन जावं. नुसतं 'काही लागलं तर सांग' यावर कुणाला सुटू देऊ नका.

याला फक्त वडीलकीचा आग्रह समजू नका. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमर झालेल्या जोडीदाराची घरी देखभाल करणाऱ्या ४०६ जणांवर अनेक वर्षं काम केलं. २००६ साली त्यांनी लिहिलं, की ज्यांना समुपदेशन आणि आधार मिळाला त्यांच्या घरचे पेशंट साधारण ५५७ दिवस जास्त घरी राहू शकले, नर्सिंग होममध्ये ठेवण्याची वेळ तितकी पुढे गेली. त्या समुपदेशनाच्या सहा बैठका होत्या, आणि त्यातल्या चार घरातल्या इतर माणसांना सोबत घेऊन. पुढे आधारगट आणि लागेल तेव्हा फोनवर बोलायची सोय. आपल्या वॉर्डात सहा बैठका होणार नाहीत, हे मला माहीत आहे. एक तरी होऊ शकते, भेटीच्या वेळेतच.

ब्युरोची मावशी ठेवणार असतील तर तिलाही डिस्चार्जच्या आधी वॉर्डात बोलवा. अनुभवी आहे असं म्हणून येतात, पण फीड देताना डोकं वर करतात की नाही, हे एकदा डोळ्यांनी बघा.

ओरडण्याबद्दल तुम्ही लिहिलं आहे. बरंचसं ओरडणं माहिती न मिळण्यातून येतं. सून दिव्याहून लोकलच्या गर्दीतून येते, तोपर्यंत डॉक्टरांचा राउंड होऊन गेलेला असतो. दिवसभर कुणी काही सांगत नाही. फीडला उशीर हे फक्त निमित्त ठरतं. आदल्या दिवशीच सांगा, 'राउंड साधारण या वेळेला होतो, तेव्हा इथे थांबा, आणि तीन प्रश्न कागदावर लिहून आणा.' आजाराचं पुढं काय होणार हे आपण सांगायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. पण प्रश्न विचारला जाईल आणि उत्तर मिळेल एवढं आपण पाहू शकतो. उशीर होणार असेल तर आधी सांगा : 'इमर्जन्सी आली आहे, वीस मिनिटांत येते.' आणि कुणी ओरडलं तर उलट न बोलता, 'खूप वेळ वाट बघितलीत, थकलाय तुम्ही. आता आधी फीड देऊ' म्हणा. शब्दांचा राग सोसावा, पण कुणी हात उगारला तर सोसायचं नाही. महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी कायदा आहे, तो नर्सनाही लागू आहे. तेव्हा सिक्युरिटीला बोलवा आणि लेखी कळवा.

पेशंटजवळच्या माणसाच्या स्वतःच्या तब्येतीकडेही बघा. शुल्झ आणि बीच यांचा १९९९ मधला एक अमेरिकन अभ्यास बराच गाजला. ६६ ते ९६ वयाची, आजारी जोडीदाराची देखभाल करणारी माणसं त्यात होती. ज्यांना त्याचा ताण जाणवत होता, त्यांचा पुढच्या चार वर्षांतला मृत्यूचा धोका, देखभालीची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के जास्त निघाला. देखभाल करत असूनही ताण न जाणवणाऱ्यांत तो तसा वाढलेला दिसला नाही. वॉर्डात आजोबांजवळ बसलेल्या आजी असतात ना, त्यांना विचारा, 'तुमची बीपीची गोळी आज घेतलीत का?' बहुतेकदा गोळ्या घरी राहिलेल्या असतात. आजोबांचं बीपी घेताना त्यांचंही घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि आपल्याकडेही कुणी बघतंय हे त्यांना कळतं.

ताण मोजायच्या प्रश्नावल्या आहेत, झरिट यांची २२ प्रश्नांची त्यात नावाजलेली. वॉर्डात ती भरून घेणं जमणार नाही. दोन प्रश्न पुरतात : गेल्या दोन आठवड्यांत मन सतत उदास, निराश वाटतंय का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नाही का? 'हो' आलं तर डॉक्टरांना सांगा आणि मानसोपचार विभागाकडे पाठवा. 'यापेक्षा ते सुटले तर बरं' असं एखादी मुलगी वडिलांबद्दल म्हणाली तर दचकू नका. थकलेल्या माणसाच्या तोंडून हे येतं आणि नंतर त्याचंच त्याला खातं. 'असं वाटतं पुष्कळांना, म्हणून तुमचं प्रेम कमी होत नाही' एवढं म्हणा. पण कुणी 'मीच जीव देते' म्हटलं, किंवा पेशंटच्या अंगावर न समजणारे वळ दिसले, तर ते आपल्यापुरतं ठेवू नका. 'जीव द्यायचा विचार येतो का?' असं स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.

जवळपासच्या सोयी थोडक्यात. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली मानस हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली, मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच ही संस्थाही ठाण्यातच आहे. हे नंबर आणि नावं मोठ्या अक्षरात लिहून वॉर्डाच्या दाराशी, औषधांच्या खिडकीजवळ, बायकांच्या टॉयलेटमध्ये लावा. टॉयलेटमध्ये मुद्दाम म्हणते, तिथे वाचताना सासर-माहेरचं कुणी बघत नसतं.

हे सगळं एका वेळी सुरू करू नका. तुमच्या सध्याच्या पेशंटमधून अंथरुणावरचे दोन निवडा आणि त्यांच्या नातेवाइकांपासून आरंभ करा. बाकीच्यांना 'नाही जमलं' म्हणून रात्री जागू नका. वॉर्डात माणसं कमी आहेत ही तुमची चूक नाही, आणि ती मागणी वरपर्यंत लेखी जायलाच हवी.

राहिला मोबाईल नंबर. देऊ नका. पहिल्या आठवड्यात बरं वाटेल, मग नाईट करून झोपलेल्या असताना दुपारी फोन येतील. न उचलल्याचं तुम्हाला लागेल, आणि फोनवर पेशंट न बघता दिलेला सल्ला कधी तरी अंगाशी येईल. त्याऐवजी वॉर्डाचा नंबर डिस्चार्ज कार्डावर लिहून द्या आणि कधी फोन करायचा ते सांगा, दुपारी दोन ते चार सारखी निवांत वेळ ठरवून. धाप, ताप, नळी निघणं, शुद्ध हरपणं यासाठी फोन करत न बसता थेट कॅज्युअल्टीत यायचं, हेही तिथेच लिहा. आणि डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी वॉर्डाच्या फोनवरून तुम्हीच एक कॉल करा. फीड जातंय का, पाठ बघितली का, रात्री सलग किती झोप झाली, आणि शनिवारी येणार म्हणालेले दीर आले होते का. चार प्रश्न, चार मिनिटं. केलेल्या कॉलची नोंद रजिस्टरमध्ये करत जा, म्हणजे पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला धागा सापडेल आणि इनचार्जबाईंना महिन्याअखेरीस काही तरी दाखवता येईल.